पिवळा पडलेला अनंत

काशम्माच्या तोंडी लागू नये, असं शुक्रवार पेठेतल्या त्या बोळात लहानथोर सगळेच म्हणायचे, आणि काशम्माला ते ठाऊक होतं. तिला त्याचा अभिमानच होता. नवरा ऐन उमेदीत गेला, एकुलता एक पोरगा तिनं तोंडाच्या जोरावर वाढवला, राहतं घरही त्याच जोरावर दीर-जावांच्या हातून सोडवून घेतलं. तो पोरगा, नंदीश, दोन वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावर ट्रकखाली गेला, तेव्हाही ती बोलतच होती. दवाखान्यात डॉक्टरला बोलली, पोलिसाला बोलली, आणि घरी आल्यावर सुनेला बोलली. 'माझ्या घरात आली आणि माझं घर खाल्लं' हे वाक्य तिनं मयताला आलेल्या माणसांसमोर पहिल्यांदा उच्चारलं, आणि पुढं ते रोजच्या चहाबरोबर दोन्ही वेळा चालू राहिलं.

सून ऋतुजा ऐकून घ्यायची. वयानं लहान, पदरी मूल नाही, माहेर अक्कलकोटच्या पलीकडं. सकाळी स्वयंपाक उरकून ती टॉवेलच्या कारखान्यात शिवणावर जायची, दिवेलागणीला परत येऊन पुन्हा चुलीपुढं उभी राहायची. उलटून बोलायची नाही, रडायची नाही. तिची ही सोसण्याची सवयच काशम्माला जास्त खुपायची. भिंतीला शिव्या दिल्यावर भिंत निदान आवाज तरी परत देते, असं ती शेजारच्या चंद्रव्वाला सांगायची.

परसात एक अनंताचं झुडूप होतं. लग्न झालं त्या वर्षी नंदीशनं ते लावलं होतं, बायकोला त्या फुलाचा वास आवडतो म्हणून. काशम्माला तेव्हाच ते पटलं नव्हतं. फूल देवासाठी लावायचं असतं, बायकोच्या केसासाठी नव्हे. पण पोराला माती दिली त्या दिवशी लिंगायतांच्या दफनभूमीतून, रुद्रभूमीतून परतताना तिनं मूठभर माती पदरात बांधून आणली आणि अनंताच्या बुडात मिसळली. तेव्हापासून ते झाड राहिलं नाही, नंदीशच झालं. सकाळी उठल्यावर ती त्याच्याशी बोलायची, काल काय शिजलं ते सांगायची, सुनेच्या कागाळ्या करायची. फुलं यायची तेव्हा एक लिंगाला वाहायची आणि बाकीची भिंतीवरून चंद्रव्वाच्या सुनांना द्यायची, ऋतुजा समोर भांडी घासत असताना. वास आला की पुरे आहे तुला, असंही वर म्हणायची.

त्या अनंताची पानं उन्हाळ्याच्या तोंडावर पिवळी पडायला लागली.

आधी शेंड्याची कोवळी पानं पिवळी झाली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, त्यामुळं पानावर हिरव्या दोऱ्याची जाळी विणल्यासारखं दिसायचं. मग खालच्या पानांच्या कडा करपल्या. काशम्मानं पहिला आळ अर्थातच सुनेवर घेतला. कपड्याच्या साबणाचं पाणी ओतलंस, भाताची गरम पेज ओतलीस, नको त्या दिवसात हात लावलास, असं एकामागून एक तिनं सुनावलं. ऋतुजानं यातलं काहीच केलेलं नव्हतं. तिनं तसं सांगितलं आणि ती कामाला गेली.

त्याच आठवड्यात ऋतुजाचे वडील गुरुसिद्धप्पा आले. म्हातारा गरीब स्वभावाचा, चहाच्या बशीकडं बघत बोलणारा. अक्कलकोटचं एक स्थळ आलं होतं. मुलगा दूध डेअरीत नोकरीला, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, घरात आई नाही, फक्त एक आजारी आत्या. पोरीचं सगळं आयुष्य पुढं पडलंय, तुम्ही मोठ्या मनानं परवानगी द्या, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.  काशम्माला सुनेचा राग यायचा हे खरं, पण सून गेली तर या घरात आपण एकट्या, हे तिला त्या क्षणी लख्ख दिसलं. गुडघे धरलेले, डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा बादल्या कोण उचलणार, आणि तापात अंगावर पांघरूण कोण घालणार? चंद्रव्वाच्या सुना फुलं घ्यायला धावत येतात, पण अंथरुणात पडलेल्या काशम्माला भाकरी द्यायला एकही येणार नाही. तिनं आयुष्यभर ज्यांना ज्यांना बोल लावले होते, ते सगळे चेहरे तिच्या डोळ्यापुढून गेले.

ती उठली, गुरुसिद्धप्पांना दंडाला धरून परसात घेऊन गेली आणि झाडापुढं उभं केलं.

"बगा. तुमच्या पोरीच्या मनात दुसरा आला आन् ह्यानं अंग टाकलं. त्याला समजलंय."

म्हाताऱ्यानं एक पिवळं पान हातात घेऊन उलटंसुलटं केलं. पण ऋतुजा दारातच उभी होती आणि तिचा चेहरा पडला. काशम्माची नजर अधू झाली होती, तरी असलं काही तिला बरोबर दिसायचं. हे लागलं, हे तिनं ओळखलं. वडिलांना बसस्टँडवर सोडायला निघताना ऋतुजा म्हणाली, झाड असं टाकून कशी येऊ, ते बरं झालं की बघू. काशम्मानं ते दाराआडून ऐकलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पण ऋतुजा नुसती झुरणारी निघाली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं एक पान तोडून ओढणीच्या टोकात बांधलं आणि गल्लीत गाडीवर रोपं विकायला येणाऱ्या उमरला दाखवलं. उमर म्हणाला, लोह कमी पडलंय, हिराकस घाला. कडा करपल्या आहेत त्याचं काय, असं हिनं विचारलं, तर तो म्हणाला की पाणी कुठलं देता ते आधी बघा. मग ऋतुजानं झाडाच्या बुडाशी बसून माती उकरली. वर पांढरा पापुद्रा आलेला होता. तिनं तो बोटावर घेऊन जिभेला लावला, थुंकला आणि मोरीतल्या बादलीकडं बघितलं.

ती बादली काशम्माच्या हुकमाची होती. नंदीशनं घरात बोअरचं खारं पाणी गाळायचं यंत्र बसवलं होतं. त्यातून प्यायला जेवढं गोडं पाणी निघायचं, त्याच्या दुप्पट नळीवाटे बाहेर पडायचं. थेंब थेंब पाण्यासाठी रात्र रात्र जागलेल्या काशम्माला ते गटारात जाताना बघवेना. तिनं नळीखाली बादली लावली आणि ती रोज अनंताला घालायचा नेम केला. यंत्रानं बोअरच्या पाण्यातला जेवढा खार वेगळा काढला, तेवढा सगळा दोन वर्षं झाडाच्या मुळाशी साठत गेला. आपल्याच काटकसरीनं पोराचं झाड आजारी पाडलं, हे ऋतुजानं तिला कसलाही तोरा न दाखवता समजावून सांगितलं. काशम्मा यावर म्हणाली, कारखान्यात चार टॉवेल शिवले की बायका शास्त्रज्ञ होतात. तरी तिनं बादली ओतणं बंद केलं, कारण मनातून तिला ते पटलं होतं.

माती बदलायला मात्र तिनं साफ नकार दिला. ऋतुजा खुरपं घेऊन बसली होती, तिनं ते हातातून हिसकावलं.

"त्यात त्याची माती हाय. तुला गटारात टाकायचीय व्हय ती?"

मग ऋतुजानं दुसरा मार्ग धरला. नळाचं गोडं पाणी यायच्या दिवशी ती आपल्या वाटणीचं अंघोळीचं पाणी झाडाला घालायची, सावकाश, मुळातला खार धुऊन खाली जाईल असं. हिराकस तोलून मापून द्यायची. बुडाशी वाळलेला पाला अंथरायची, दुपारच्या उन्हासाठी तिनं जुन्या साडीचा आडोसा बांधला. ती झाडाची अशी सेवा करत होती आणि काशम्मा खाटेवरून बघत होती. आपल्या लेकाचं कुणीतरी इतकं करतंय याचं तिला बरं वाटायला हवं होतं. आणि वाटलंही, खोटं कशाला बोला. एका सकाळी शेंड्याला दोन पानं फुटलेली दिसली, कोवळी, चकचकीत, हिरवीगार. काशम्मानं त्यांच्यावरून हलकेच बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले.

त्याच संध्याकाळी ऋतुजा फोनवर वडिलांना सांगत होती की झाड सावरतंय, आता काळजी नाही. तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी हसू होतं. काशम्माचे भरलेले डोळे तिथंच कोरडे झाले.

दुसऱ्या दिवशी सून कामाला गेल्यावर ती स्वयंपाकघरात गेली. खड्या मिठाची चिनीमातीची बरणी फळीवर होती. तिनं मूठभर मीठ तांब्यात घेतलं, त्यात पाणी ओतलं आणि विरघळेपर्यंत बोटानं ढवळलं. परसात गेली, पालापाचोळा बाजूला सारला आणि तांब्या झाडाच्या बुडात रिकामा केला. पाचोळा पुन्हा होता तसा पसरला.  पुटपुटली, "नंदू, जरा सोस रं बाळा. तिला जाऊ दिलं तर तुज्या आईला कोण हाय?" झाड काय बोलणार? तिनं ते मौन होकार म्हणून घेतलं आणि खाटेवर जाऊन पडली.

पुढं पुढं पुटपुटणं थांबलं. एक दिवसाआड तांब्या जायला लागला. नवी पानं आधी मलूल झाली, मग त्यांची टोकं तपकिरी पडली, मग ती गळाली. ऋतुजा हवालदिल झाली. ती पुन्हा उमरकडं गेली, हिराकस कमी केलं, पाणी वाढवलं, कारखान्यातल्या बायकांना विचारून कडुनिंबाचा काढा फवारला. जितकं ती करायची तितका काशम्माच्या जिभेला जोर यायचा. आपल्याच हातानं पाजलेल्या मिठाचा तिला विसर पडायचा आणि ती मनापासून संतापायची. अशी मनापासून खोटं बोलणारी माणसं फार धोक्याची असतात, कारण त्यांच्या डोळ्यात पाणीही खरं असतं.

एकदा तर तिनं कहर केला. चंद्रव्वाला आणि तिच्या दोन्ही सुनांना बोलावून परसात बसवलं आणि सगळ्यांसमोर ऋतुजाला झाडावर हात ठेवायला लावला. दुसऱ्या पुरुषाचं नाव मनात नाही असं बोल, म्हणाली. ऋतुजानं काळ्या पडलेल्या फांदीवर हात ठेवला. तिला बोलता येईना. तिला लग्न करायचं होतं, जगायचं होतं, आणि नंदीशच्या झाडावर हात ठेवून खोटं बोलायचं नव्हतं. चंद्रव्वाच्या सुना माना खाली घालून बसल्या. काशम्मा म्हणाली, "बगा, तोंड उगडत न्हाय. चोराचंच लक्षण." बायका गेल्यावरही ऋतुजा कितीतरी वेळ तिथंच बसून होती. तिनं पाचोळ्याखालची माती बोटानं उकरली, उचलली, जिभेला लावली. काशम्मानं ते खाटेवरून पाहिलं. जुना खार असेल म्हणून चाखत असेल, असं तिला वाटलं आणि तिनं कूस बदलली.

त्या दिवसापासून ऋतुजाची धावपळ थांबली. तिनं साडीचा आडोसा सोडून घडी करून ठेवला. हिराकसची पुडी फेकून दिली. अंघोळीचं पाणी पुन्हा अंघोळीला वापरू लागली. काशम्मानं ओळखलं की पोरीनं हाय खाल्ली. आता चार टोमणे कमी मारले तरी चालतील, असं मनाशी ठरवून तिनं एके दिवशी सुनेला स्वतःच्या हातानं चहासुद्धा करून दिला. तांब्या मात्र चालूच ठेवला. झाड पुरतं मरू द्यायचं नव्हतं, नुसतं आजारी ठेवायचं होतं, पण किती मिठानं झाड आजारी राहतं आणि किती मिठानं मरतं हे काशम्माला कोण सांगणार? बरणीत मीठ कधी कमी झालेलं दिसायचं नाही, त्यामुळं किती गेलं याचा अंदाजही येत नव्हता. आपण घेतो ती मूठ लहानच असणार, असं ती स्वतःला समजावायची.

अनंत मेला. पानं सगळी झडली, फांद्या वाळून काटक्या झाल्या. काशम्मानं एक काटकी वाकवून बघितली, ती कट्‌कन मोडली. तिनं दुसरी वाकवली, तीही मोडली. मग ती बुडाजवळच्या जाड फांदीपर्यंत पोचली आणि नखानं साल खरवडली. आत कुठंही हिरवं नव्हतं.

ऋतुजा कारखान्यातून आली तर काशम्मा झाडापाशीच मांडी घालून बसलेली. सुनेनं झाडाकडं एकदा बघितलं आणि आत जाऊन वडिलांना फोन केला. उद्या या म्हणाली, बाकी काहीच बोलली नाही.

गुरुसिद्धप्पा दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तिची बॅग भरलेली होती. काशम्मा दारात आडवी उभी राहिली. आधी ओरडली, मग शाप दिले, मग तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिनं कुणापुढं तरी पदर पसरला. त्याची माती आहे इथं, ती टाकून कशी जाशील, असं ती रडत रडत म्हणत होती. ऋतुजानं वडिलांना रिक्षा बघायला पुढं पाठवलं. ते बोळाच्या तोंडाशी पोचल्यावर ती सासूकडं वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ऐकायला जास्त भयंकर वाटलं.

"झाड हुतं तवर मी जानार नव्हते, आत्या. त्याला तसं टाकून मला जाववलंच नसतं. तुमी मीठ घालताय हे मला त्या दिवशी कळलं, तुमी मला हात ठिवायला लावला तवा."

काशम्माचं तोंड उघडंच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यातून काही आलं नाही.

"मग मी बोलले न्हाय. बरणी कमी झाली की मीच भरून ठिवत हुते. तुमच्या हातानंच मरू दे म्हनलं." ऋतुजानं बॅग खांद्याला लावली. "जाताना त्याची मूठभर माती न्यायची हुती मला. पन ती आता नुसती खारट हाय."

ती बोळातून चालत गेली. एकदाही मागं वळून बघितलं नाही. काशम्मा चौकट धरून उभी होती, आणि तिला सुनेच्या मागं पळायचं होतं, पण तिनं चौकट सोडली नाही.

चंद्रव्वा आलीच. काय झालं, सून कुठं गेली, झाड असं कसं वाळलं, सगळं एका दमात विचारलं. काशम्मानं नाक शिंकरलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "तिनंच मीठ घातलं की. जायचं हुतं ना तिला." चंद्रव्वानं कानाला हात लावले. संध्याकाळपर्यंत बोळभर ते पसरलं आणि कुणालाही ते खोटं वाटलं नाही. दोघीतिघी येऊन काशम्माला धीर देऊन गेल्या. आपापल्या चुली पेटवायच्या असल्यामुळं कुणी फार वेळ थांबलं नाही, आणि काशम्माच्या घरात त्या दिवशी काही शिजलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नळाला पाणी आलं. घरात पिंप रिकामं, हंडे रिकामे. काशम्मा उठली आणि तिनं कळशी नळाखाली लावली. भरलेली कळशी दोन्ही हातांनी ओढत, पायरीला टेकत टेकत तिनं परसात नेली आणि वाळक्या अनंताच्या बुडात ओतली. परत आली, पुन्हा भरली, पुन्हा ओतली. माती पाणी पिईना. ते झाडाभोवती साचलं, पांढुरकं झालं आणि परसातून वाट काढत भिंतीखालच्या मोरीकडं निघालं. तिनं मोरीत फडकं कोंबलं आणि पुन्हा कळशी भरायला गेली. तिच्या तोंडून नंदू, नंदू एवढंच येत होतं. धुऊन काढते रं, सगळं धुऊन काढते, असंही मधूनच.

भिंतीपलीकडून चंद्रव्वानं हाक मारली. पाणी आमच्या अंगणात यायला लागलंय, पाच दिवसांचं पाणी असं कुठं घालवतेस, पिंप भरलंस का आधी, असं ती विचारत होती. काशम्मा पुन्हा नळाकडं वळली. नळाची धार बारीक व्हायला लागली होती, आणि तिच्या हातातली कळशी अजून अर्धीच भरली होती.